परिचारिकेची दुसरी शाळा

खेडेगावात ‘दवाखाना’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बहुधा डॉक्टर उभे राहत नाहीत, नर्सबाई उभ्या राहतात. माळव्यात त्यांना कोणी ‘सिस्टर’ म्हणतात, कोणी ‘दीदी’. गुजरातेत त्या ‘नर्सबेन’ होतात आणि तेलंगणात ‘नर्सम्मा’. संबोधन कोणतेही असो, त्यात नात्याचा ओलावा असतो आणि एक अपेक्षाही असते. रात्री-अपरात्री दार ठोठावले तर बाई उठतील, आणि काय करायचे ते त्यांना ठाऊक असेल, ही ती अपेक्षा. मैदानी मुलखात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, हा आपल्या देशातील शासकीय दंडक आहे. तेवढ्या वस्तीतील लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, तान्ह्या मुलांची वजने, क्षयरोग्यांच्या गोळ्या आणि अलीकडे रक्तदाब-मधुमेहाच्या नोंदी, हा सारा भार एकदोघींच्या खांद्यांवर असतो.

अपेक्षेतील पहिला भाग या भगिनी आपल्या स्वभावाने पुरा करतात. दुसऱ्या भागाचे काय? ‘काय करायचे ते त्यांना ठाऊक असेल’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते त्यांना कोणी आणि केव्हा शिकवले, हा विचार आपल्या मनात येत नाही. ‘एएनएम’चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, ‘जीएनएम’चा तीन वर्षांचा. विशी-बाविशीत हे शिक्षण आटोपते आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे नोकरी चालते. वैद्यकशास्त्र मात्र तीस वर्षे एका जागी बसून राहत नाही.

एकच उदाहरण पाहू. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे मातेच्या मृत्यूचे जगभरातील एक मोठे कारण आहे. रक्त किती गेले याचा अंदाज आजवर नजरेने बांधला जाई, आणि नजर हमखास कमी मोजते. एक उपाय करून पाहायचा, गुण आला नाही तर दुसरा करायचा, अशी रीत होती. २०२३ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व तान्झानिया या देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा त्यात विचार झाला होता. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवीवजा चादर अंथरायची, रक्त खुणेपर्यंत आले की गर्भाशयाचे मर्दन, आकुंचनाचे औषध, रक्तस्राव रोखणारे औषध, सलाईन आणि तपासणी हे सारे एकामागून एक, वाट न पाहता करायचे, अशी ती पद्धत. तिच्यामुळे गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया अथवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यातील एकही औषध नवे नव्हते. मोजण्याची आणि वेळ न दवडण्याची शिस्त तेवढी नवी होती. पण जिचे शिक्षण २००० साली पुरे झाले, तिच्या पाठ्यपुस्तकात ही शिस्त असणे शक्यच नव्हते. ती कोणीतरी तिच्यापर्यंत पोहोचवली पाहिजे.

पोहोचवायची कशी, हाच खरा पेच आहे. परिचारिकेला तीन महिने जिल्ह्याच्या गावी बोलवावे, तर तेवढे दिवस उपकेंद्राला कुलूप लागते. तिच्या घरचा संसार, शाळेत जाणारी मुले, अंथरुणावरचे सासू-सासरे यांचे काय, हा प्रश्न आहेच. शिवाय शहरातील सभागृहात दिलेले व्याख्यान आणि गावातील खोलीत अडलेले बाळंतपण यांच्यात अंतरही पुष्कळ असते.

केनियात हा पेच फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तेथील परिचारिकांत प्रमाणपत्र पातळीचे शिक्षण झालेल्यांची संख्या वीस हजारांवर होती. एड्ससारख्या नव्या रोगांनी त्यांच्या ज्ञानाची कसोटी पाहिली आणि त्यांना पदविकेच्या पातळीवर नेणे अगत्याचे ठरले. परंतु वर्गात बसवून शिकवण्याची सोय इतकी तुटपुंजी होती की त्या गतीने सर्वांची पाळी येण्यास शंभरावर वर्षे लागली असती! अखेर २००५ साली तेथील नर्सिंग कौन्सिल, अॅम्रेफ ही आफ्रिकेतील आरोग्यसंस्था आणि अॅक्सेंचर ही कंपनी यांनी मिळून निराळी वाट धरली. परिचारिकांनी नोकरी सोडायची नाही. रुग्णालयातच मांडलेल्या संगणकांवर सवडीने पाठ घ्यायचे. ठरावीक काळाने शिक्षकांची भेट व्हायची. आणि प्रात्यक्षिक प्रत्यक्ष रुग्णांच्या सेवेतच करायचे. पुढे या कामात मोबाईलही आला. परिचारिका शाळेत जाऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच तिच्याकडे आली.

काही पाठ संगणकावर वा मोबाईलवर आणि काही शिक्षकाच्या समोर, अशा या पद्धतीला आता ‘संमिश्र शिक्षण’ असे नाव रूढ होत आहे. नाव नवे असले तरी कल्पना तितकीशी नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८९२च्या सुमारास इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यात ग्रामीण आरोग्यसेविका तयार करण्याच्या एका योजनेला चालना दिली होती. तीत वैद्यकीय अधिकाऱ्याची व्याख्याने होतीच. पण व्याख्यान ऐकून झाल्यावर शिकणाऱ्या स्त्रियांनी त्याच्याबरोबर खेड्यातील घरांत जावे, काय पाहायचे आणि आईशी कसे बोलायचे हे तेथे शिकावे, असा नाइटिंगेलबाईंचा आग्रह होता. आपल्याकडे १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचारिकेच्या पेशाकडे वळवले. तेव्हा तो पेशा घरंदाज समजला जात नव्हता. रमाबाई रानडे यांनी त्या मुलींना सेवासदनात आसरा दिला आणि शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. पाठ आणि रुग्णशय्या यांची जोड तोडता येत नाही, हे या जुन्या मंडळींना पुरते उमगलेले होते.

आजचे संकट नेमके येथे आहे. मोबाईलवरचा पाठ स्वस्त पडतो. एकदा चित्रफीत तयार केली की ती लाखो जणींना दाखवता येते. शेवटी दहा प्रश्न, अचूक उत्तरांवर बोट ठेवले की प्रमाणपत्र तयार. २०२०च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या ऐन धामधुमीत, केंद्र शासनाने ‘दीक्षा’ या व्यासपीठावर आरोग्यसेवकांसाठी असे पाठ खुले केले. त्या वेळी ते आवश्यकच होते. माणसाने माणसाजवळ जाणेच धोक्याचे झाले होते. परंतु अडचणीच्या काळात काढलेली पायवाट पुढे राजमार्ग समजली जाऊ लागली, तर सावध व्हायला हवे. कारण प्रमाणपत्रांची संख्या मोजणे सोपे असते. परिचारिकेच्या हातात कसब आले की नाही, हे मोजणे फार कठीण.

ते मोजण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न तान्झानियाच्या उत्तर भागातील हेडम येथील ग्रामीण रुग्णालयात झाला. त्याची हकीगत प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने ऐकावी अशी आहे. जन्मलेल्या मुलांपैकी शेकडा दहा मुलांना श्वास सुरू होण्यासाठी थोडीफार मदत लागते. अंग कोरडे करणे, पाठीवरून हात फिरवणे आणि तरीही मूल रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत तोंडावर लहानसा मास्क धरून पिशवीने हवा देणे, एवढीच ती मदत. ‘बाळाला श्वास घेण्यास साहाय्य’ या अर्थाच्या नावाचा एक अभ्यासक्रम २०१० साली निघाला, आणि त्याच वर्षी हेडमच्या सेवकवर्गाला त्याचे एक दिवसाचे शिक्षण मिळाले. सात महिन्यांनी परीक्षा घेतली, तेव्हा बाहुलीवर पूर्वीपेक्षा अधिक जण चांगले काम करीत होते. शिक्षण यशस्वी झाले, असेच कोणीही म्हटले असते. पण अभ्यासकांनी प्रत्यक्ष बाळंतपणाच्या खोलीत निरीक्षण केले, तो तेथे काहीच बदललेले नव्हते. परीक्षेतले ज्ञान बाळापर्यंत पोहोचलेच नव्हते.

मग त्यांनी रीत बदलली. मोठे शिबिर घेण्याऐवजी बाहुली आणि मास्क बाळंतपणाच्या खोलीजवळच ठेवले. आठवड्यातून एकदा, कामावर येताजाता, तीन ते पाच मिनिटे सराव. महिन्यातून एकदा सुमारे चाळीस मिनिटांची एकत्र उजळणी. ती बाहुलीही साधीच असते. आत पाणी भरले की तिला खऱ्या बाळाचे वजन येते, आणि रबरी फुगा दाबला की नाळेची नाडी उडताना हाताला लागते. एवढ्याशा नित्याच्या सरावाने पहिल्या चोवीस तासांतील बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. नवे यंत्र आले नाही, नवा डॉक्टर आला नाही. हाताला फक्त विसरू दिले नाही.

ज्या घरात एखादी सून लग्नानंतर स्वयंपाक शिकली असेल, त्या घराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुरणपोळीची कृती वहीत उतरवून घेता येते. कणीक किती सैल भिजवायची हे सासूबाईंच्या शेजारी बसून, चार पोळ्या फाटल्यावरच कळते. पण फाटलेली पोळी गाईला घालता येते. निळ्या पडलेल्या बाळाच्या बाबतीत चूक करून शिकण्याची मुभा नाही. म्हणून ती चूक बाहुलीवर आणि अनुभवी हाताच्या देखरेखीखाली आधीच होऊन जावी, हे त्या सरावाचे मर्म आहे.

मग पडदा निरुपयोगीच काय? मुळीच नाही. पडद्याला पडद्याचे काम द्यावे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘इको’ नावाचा उपक्रम सुरू केला, तो या दृष्टीने बोलका आहे. ‘हेपेटायटिस सी’ या यकृताच्या रोगाचे तज्ज्ञ फक्त शहरात होते आणि रोगी दूरदूरच्या खेड्यांत. अरोरांनी रोग्यांना शहरात आणले नाही. ग्रामीण दवाखान्यांतील डॉक्टर व परिचारिका दर आठवड्याला दृक्‌श्राव्य संपर्काने एकत्र जमत. प्रत्येक जण आपल्याकडील खरा रोगी मांडी, आणि तज्ज्ञ व इतर सहकारी मिळून त्याचा विचार करीत. २०११ साली निष्कर्ष आले. विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के रोगी बरे झाले होते, आणि या खेड्यांतील दवाखान्यांत व तुरुंगांत ५८.२ टक्के. येथे पडद्यावर व्याख्यान नव्हते, विचारविनिमय होता. शिकणारी व्यक्ती स्वतःचा प्रश्न घेऊन येत होती, उत्तर घेऊन जात होती आणि ते दुसऱ्याच दिवशी कामी लावीत होती. आपल्याकडे २०१९ पासून ‘ई-संजीवनी’द्वारे खेड्यातील केंद्रातून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. डॉक्टरांनी औषध सांगण्याबरोबर ‘ते का’ हेही दोन वाक्यांत सांगितले, तर प्रत्येक सल्ला हा परिचारिकेचा एक पाठ होऊ शकेल.

आपल्या भागाजवळचा अनुभवही हेच सांगतो. उत्तर कर्नाटकातील गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) व बळ्ळारी या जिल्ह्यांत, जेथे जुनी मराठी घरे पुष्कळ आहेत, २०१२-१३ साली एक प्रयोग झाला. अनुभवी परिचारिकांना मार्गदर्शिका म्हणून तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठरावीक काळाने पाठवण्यात आले. त्या तेथील परिचारिकांबरोबर राहत, कागदपत्रे पाहत, औषधे व साधने जागेवर आहेत की नाहीत हे तपासत आणि काम करता करता शिकवीत. जेथे अशा मार्गदर्शिका गेल्या, ती केंद्रे आणि तेथील परिचारिकांचे ज्ञान इतर केंद्रांपेक्षा सरस आढळले. बिहारमध्येही पुढे अशाच फिरत्या मार्गदर्शिका परिचारिकांनी मोठे काम केले. वरून तपासणीस येणारा अधिकारी आणि शेजारी उभी राहून शिकवणारी वडील बहीण, यांतील फरक शिकणारीला लगेच कळतो.

शासनाच्या दरबारीही या वाटेला आता मान्यता आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०१७ साली परिचारिकांसाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. स्वयं-अध्ययनाची पुस्तके एकीकडे आणि जिल्हा रुग्णालयातील अभ्यासकेंद्रावरचे प्रात्यक्षिक दुसरीकडे, अशी त्याची रचना. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. त्यांनाच २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे म्हणतात. तेथे ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ म्हणून परिचारिकांची नेमणूक होऊ लागली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण असावे, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. पाच वर्षांत १५० तास म्हणजे महिन्याला अडीच तास. मागणी काही अवाजवी नाही. प्रश्न एवढाच, की हे अडीच तास कोणाचे?

या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. दिवसभर गावोगाव पायपीट, सायंकाळी नोंदवह्या व मोबाईलवरची माहिती भरणे, मग चूल, मग मुलांचा अभ्यास. हे सारे आटोपल्यावर रात्री अकरा वाजता, घराच्या ज्या कोपऱ्यात रेंज मिळते तेथे उभे राहून परिचारिकेने पाठ ऐकावेत, अशी आपली अपेक्षा असेल, तर ते शिक्षण म्हणता येणार नाही. ती आणखी एक वेठ झाली. शिकणे हा कामाचाच भाग असेल, तर तो कामाच्या वेळेतच झाला पाहिजे. ड्युटीच्या तक्त्यात त्यासाठी एक तास राखून ठेवावा, तेवढ्यापुरती बदली सेविका द्यावी आणि इंटरनेटचा खर्च तिच्या पगारातून जाऊ नये. या तीन गोष्टी न करता दिलेला मोबाईल म्हणजे दप्तर देऊन शाळा न देण्यासारखे आहे. आणि शिकून झाल्यावर पदात वा वेतनात काहीच फरक पडत नसेल, तर उत्साह टिकावा तरी कसा? केनियातील परिचारिकांनी वर्षानुवर्षे नेट धरला, त्याचे एक कारण हे की पाठांच्या शेवटी त्यांना वरच्या दर्जाची नोंदणी मिळणार होती.

भाषेचा प्रश्न आपल्या वाचकांना अधिक खोलवर जाणवेल. घरी मराठी, शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू आणि वरच्या वर्गात इंग्रजी, ही कसरत आपल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या केली आहे. सीमाभागातील परिचारिकेची कसरत याहून कठीण असते. तिचे पाठ इंग्रजीत, अहवाल राज्यभाषेत, आणि समोरची बाळंतीण कळा देताना स्वतःच्या बोलीत ओरडत असते. झाबुआच्या भिली पाड्यावर किंवा बेळगावच्या खेड्यात ‘जोर करा’, ‘आता श्वास सोडा’ हे शब्द बाईच्या भाषेतच बोलावे लागतात. तयार चित्रफितींत ही भाषा नसते. म्हणून पाठाचा सांगाडा दिल्लीचा वा विद्यापीठाचा असला, तरी त्यात रक्तमांस भरण्याचे काम त्या त्या भागातील अनुभवी परिचारिकांकडेच सोपवले पाहिजे. ज्या बाईंनी चाळीस वर्षे त्याच गावांतून बाळंतपणे केली, त्यांचे शब्द टिपून ठेवणे हे कोणत्याही चित्रफितीइतकेच महत्त्वाचे आहे.

येथे आपल्यालाही काही करता येण्यासारखे आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या कुटुंबांतून निवृत्त परिचारिका व मेट्रन भगिनी थोड्या नाहीत. आपला काळ सरला, असे त्यांपैकी अनेकींना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. तज्ज्ञांची व्याख्याने आता मुबलक झाली आहेत. दुर्मीळ झाला आहे तो शेजारी उभा राहणारा अनुभवी हात. मराठी मंडळांनी व महिला समाजांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून विचारावे, की महिन्यातून एक दिवस आमच्या भगिनी तुमच्या केंद्रावर सरावाला साथ देण्यास आल्या तर चालेल काय? परवानगी लागेल, नियम असतील, कदाचित दोन फेऱ्या व्यर्थही जातील. पण विचारायला काही खर्च येत नाही. मंडळाच्या वार्षिक देणगीतून एखाद्या केंद्राला सरावाची बाहुली घेऊन देणे, हेही एखाद्या समारंभाच्या खर्चाहून जड जाऊ नये.

आणि ज्या घरात परिचारिका सून वा लेक आहे, त्या घराने एवढेच करावे. ती मोबाईल घेऊन बसली की ‘पुन्हा त्या मोबाईलात डोके घातले’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ती कदाचित बाळाच्या पहिल्या मिनिटाचा पाठ वाचत असेल. त्या रात्रीचे भांडे-पाणी दुसऱ्या कोणी आवरले, तर तो पाठ पुरा होईल, आणि कोठेतरी, आपण कधी न पाहिलेल्या गावात, एक मूल वेळेवर रडेल.